मेला तर दुसरा आणू

एकेकाळी मासा पाळायला फार काही लागत नसे. काचेचं गोल भांडं, तळाशी मूठभर रंगीत खडी, क्रॉफर्ड मार्केटातून नाहीतर कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत आणलेले दोन गोल्डफिश आणि एका डबीत खाद्य. झालं घरात मत्स्यालय. भांड्याची जागाही ठरलेली, टीव्हीच्या शेजारी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरावं. ज्याची थोडी ऐपत असे तो दोन फुटी पेटी घ्यायचा. तिच्या मागच्या काचेवर समुद्रातल्या प्रवाळाचं निळंजांभळं चित्र चिकटवलेलं असे आणि त्या कागदी समुद्रापुढे एंजल, मोली, गप्पी हे गोड्या पाण्यातले जीव बिनतक्रार फिरत. सोबतीला प्लास्टिकचा पाणबुड्या आणि उघडझाप करणारा शिंपला. पुढे फेंगशुईची लाट आली आणि पेटीत आठ सोनेरी, एक काळा असा हिशेब शिरला. काळा मेला की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं म्हणायचं, आणि दुसरा आणायचा.

‘मेला तर दुसरा आणू’ हे त्या काळच्या मत्स्यपालनाचं पहिलं आणि शेवटचं कलम होतं. कुत्रा गेला की घरात दोन दिवस कुणी धड जेवत नसे. मासा गेला तर त्याची रवानगी संडासात व्हायची, आणि घरातलं पोर हळवं असेल तर तुळशीशेजारच्या कुंडीत.

आमच्या गिरगावातल्या चाळीत शेजारच्या काकांकडे तीन फुटी पेटी होती. रविवारी सकाळी ती धुण्याचा कार्यक्रम चाले आणि मजल्यावरची सगळी पोरं दारात जमत. काकूंच्या विरोधाला न जुमानता काका चहाची गाळणी आणत, तिने एकेक मासा उचलून बादलीत सोडत. मग रबरी नळीने पेटीतलं सगळंच्या सगळं पाणी मोरीत. नळीला तोंड लावून पहिलं पाणी ओढायचा मान मिळावा म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. खडी परातीत घेऊन जाड्या मिठाने चोळायची आणि पाणी नितळ निघेपर्यंत नळाखाली धरायची. फिल्टरमधला स्पंज पिळून पिळून पांढरा करायचा. काचा वर्तमानपत्राने पुसायच्या. शेवटी नळाचं ताजं पाणी, त्यात मेथिलिन ब्लूचे चार थेंब, आणि मासे परत पेटीत. काका दोन पावलं मागे सरून म्हणत, “बघा रे, आता कसं लख्ख दिसतंय!” बुधवार-गुरुवारपर्यंत एखादा मासा पोट वर करून तरंगत असे. “नाजूक जात हो,” काका म्हणत, आणि पुढच्या शनिवारी बाजारात जात.

यात काकांचा निष्काळजीपणा मुळीच नव्हता. उलट इतक्या मनापासून पेटी सांभाळणारा माणूस मी पुढे क्वचितच पाहिला. पण माहितीच तेवढी होती. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि तो त्याच्यासाठी विष असतो. खडीवर आणि स्पंजात वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग पुष्कळ कमी घातक असं नायट्रेट. नव्या पेटीत ही जिवाणूंची वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी मीठ चोळून आणि वर क्लोरीनचं पाणी ओतून नेमकी तीच वसाहत उठवली जायची. तीनचार दिवसांत अमोनिया साठायचा आणि मासा जायचा. आज शाळकरी मुलगाही सांगतो की पाणी एका वेळी पाव भागच बदलायचं, स्पंज पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळवायचा आणि क्लोरीन घालवायला नळाच्या पाण्यात आधी हायपोचे खडे टाकायचे. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहापंधरा वर्षं सहज जगतो आणि फूटभर वाढू शकतो, हेही त्यालाच माहीत असतं. आमच्या पिढीत गोल्डफिशचं वय महिन्यांत मोजत.

फायटर मासा बोर्नव्हिटाच्या बरणीत राहायचा, तेही एकटा, कारण दुसरा नर दिसला की तो त्याच्यावर धावून जातो. त्याला चिडवायला बरणीला आरसा लावायचा, ही पाहुण्यांची करमणूक. काचमासा म्हणून आपल्याच देशातला एक पारदर्शक, हाडं दिसणारा सुंदर मासा आहे. बंगालातल्या गंगेच्या माशांवर काम करणाऱ्या हॅमिल्टनने १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हाच मासा गुलाबी, पोपटी, निळ्या पट्ट्यांचा मिळू लागला आणि लोक खूश झाले. तो रंग सुईने त्याच्या अंगात टोचलेला असे. ब्रिटनमध्ये ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ या मासिकाने याविरुद्ध मोहीम चालवली आणि अनेक दुकानदारांनी असे मासे न विकण्याचं कबूल केलं. आपल्याकडे ते त्यानंतरही बराच काळ दिसत राहिले.

घरचं मत्स्यालय असं होतं, आणि मोठं मत्स्यालय म्हणजे अर्थातच तारापोरवाला. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नाव देणगी देणाऱ्या पारशी दानशूराचं. मे महिन्यात गावाहून पाहुणे आले की राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला आणि चौपाटीवरची भेळ हा क्रम कुणी मोडत नसे. मरीन ड्राइव्हच्या रणरणत्या उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी यायची, मग भिंतींतल्या हिरवट चौकटी दिसू लागायच्या आणि तो ओलसर, किंचित खारा वास. बहुतेकांचे पाय समुद्री जीवांपुढे थबकायचे. कासव, पाकट, काटेरी पंख पसरलेला लायनफिश. बोटाएवढ्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या पेट्यांपुढून लोक चालता चालता नजर टाकून जात. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. करोनात दारं बंद झाली आणि जुनी झालेली ती इमारत पुन्हा प्रेक्षकांसाठी उघडली नाही.

लहान माशाकडे असं ओझरतं बघणं ही काही फक्त आपली सवय नव्हती. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्गतज्ज्ञाचा त्यात मोठा हात होता आणि पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकाने विलायतेत घरोघरी काचेच्या पेट्या पोचवल्या. पण त्यानंतरची शंभरेक वर्षं प्राणिसंग्रहालयांच्या दप्तरात हत्तीला नाव आणि आजारपणाचे कागद असत आणि छोट्या माशांच्या पेटीपुढे ‘सुमारे पन्नास’ एवढी नोंद पुरत असे. पन्नासाचे तीस झाले की व्यापाऱ्याला निरोप जाई. कोणत्या नदीतले, कोणी पकडले, एकमेकांच्या नात्यातले आहेत का, हे विचारायची पद्धतच नव्हती. पेटीची राखण करणाऱ्या माणसाला मात्र सगळं ठाऊक असे. कुठल्या जातीला पहाटे खाणं लागतं, कोणता नर इतरांना जगू देत नाही, पाऊस सुरू झाला की कोण अंडी घालतं. तो निवृत्त झाला की हे सगळं त्याच्याबरोबर घरी जायचं.

या सवयीला पहिला मोठा धक्का बसला तो माशाला दुखतं का, या प्रश्नाने. २००३ साली लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठांत मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसेटिक आम्ल टोचलेले मासे एका जागी झुलत राहिले, आम्ल टोचलेले तळाच्या खडीवर ओठही घासत राहिले, आणि सुमारे तीन तास ते खाण्याकडे वळले नाहीत. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले त्याच्या निम्म्याहून कमी वेळात खाऊ लागले. या निष्कर्षांवर वाद झाले, अजूनही होतात. पण ‘मासाच तो, त्याला काय कळतंय’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या बेफिकिरीने उच्चारता येईना.

दुसरा धक्का आकड्यांचा. जगातल्या माशांच्या साधारण निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात आणि गोडं पाणी पृथ्वीवरच्या पाण्याच्या मानाने नगण्य आहे. २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने, तपासलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या जातींपैकी २५ टक्के धोक्यात असल्याचं जाहीर केलं. धरणं, सांडपाणी, उपसा, बाहेरून आणून सोडलेले मासे. काही जातींचा नदीतला ठावठिकाणाच पुसला गेला आणि त्या फक्त काचेच्या पेट्यांत उरल्या. जिचे नदीतले सगे उरलेलेच नाहीत तिच्याबाबतीत ‘मेला तर दुसरा आणू’ म्हणायचं तरी कसं?

मादागास्करच्या मंगराहारा नदीतल्या सिक्लिड माशाचं उदाहरण घ्या. भातशेतीसाठी पाणी वळवलं गेलं, नदीचे बरेच पट्टे कोरडे पडले. २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या माहितीतल्या माशांची मोजदाद केली तर लंडनला दोन नर आणि बर्लिनला एक नर एवढंच शिल्लक. बर्लिनमध्ये पूर्वी मादी होती. जोडी जमवायच्या खटाटोपात नराने तिला मारून टाकलं. अशा वेळी मादीला लपायला किती जागा हवी, दोघांमध्ये जाळी किती दिवस ठेवावी, हे कुठेतरी लिहिलेलं असतं तर? लंडनने जगभरच्या हौशी लोकांना जाहीर आवाहन केलं की तुमच्या पेटीत या जातीची मादी आहे का. वर्तमानपत्रांनी ‘माशासाठी स्थळ पाहिजे’ म्हणून बातमी रंगवली. शेवटी त्याच वर्षी मादागास्करमधल्या एका स्थानिक माणसाच्या मदतीने शोधमोहीम निघाली, मूळ नदीपासून तुटलेल्या एका प्रवाहात थोडे मासे सापडले आणि त्यातले १८ सुरक्षित ठिकाणी हलवून त्यांची पैदास सुरू झाली.

युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांची आणि मत्स्यालयांची संघटना म्हणजे एआझा. ती आणि तिच्यासारख्या इतर संस्था गेली काही वर्षं ज्या संगोपन-पुस्तिका तयार करून घेताहेत, त्यांची गरज अशा गोष्टींतून कळते. सुरुवात अर्थातच मोठ्या जनावरांपासून झाली. गेंडा, जिराफ, गोरिला. छोट्या माशांची पाळी फार उशिरा आली आणि काम निघालं अवघड. जाती हजारो, माणसं मोजकी. हत्तीला एक स्वतंत्र पुस्तक देता येतं, बोटभर माशाच्या प्रत्येक जातीला ते परवडत नाही. म्हणून एका कुळाची किंवा एका गटाची मिळून पुस्तिका करायची.

साचा ठरलेला असतो. पहिला भाग जंगलातला, म्हणजे इथे नदीतला. मासा कुठे राहतो, पाणी किती अंशांवर असतं, हिवाळ्यात किती उतरतं, वेग किती, तळाला वाळू की पालापाचोळा, काय खातो, त्याला कोण खातं. दुसरा भाग पेटीतला. पाण्याची मापं, प्रकाश, खाणं, किती जणांचा गट, नर-मादीचं प्रमाण, पिल्लं, हाताळणी, प्रवास, आजार. पहिल्याशिवाय दुसरा लिहायचा नाही, हा मला या सगळ्यातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. आमच्या काळी सगळंच दुसऱ्या भागापासून सुरू व्हायचं. ‘एक इंच माशाला एक गॅलन पाणी’ हा तोडगा जगभर पिढ्यानपिढ्या चालला. एकेक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांच्या श्वासाला आणि विष्ठेला सारखंच पाणी पुरेल असं या हिशेबात गृहीत होतं. एवढ्या साध्या गोष्टीवर बहुतेकांनी बोट ठेवलं नाही, कारण तो कागदावर तपासायला सहसा कुणी बसतच नसे.

अशा पुस्तिकांतल्या आणि त्यांच्या आधारे चालणाऱ्या कामातल्या काही बारीकसारीक गोष्टी वाचताना मला चाळीतली ती गाळणी आठवत राहते. जाळीत तडफडताना माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच तर त्याचा रोगांपासून बचाव. म्हणून लहान मासा शक्य तिथे जाळीने न धरता पाण्यासकट पारदर्शक भांड्यात अलगद घ्यायचा. तपासणीसाठी गुंगी द्यायची तर ठरलेलं औषध मापून. कुठे कुठे लवंगेच्या तेलातला युजेनॉल त्यासाठी वापरतात. आजीने दुखऱ्या दाढेत ठेवलेला तो कापसाचा बोळा पार माशाच्या दवाखान्यापर्यंत पोचला. तळाला कोरडी बदामाची पानं टाकायची. त्यांतून उतरणारा तपकिरी अर्क पाणी किंचित आम्ल करतो, पिल्लांना आडोसा मिळतो आणि पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव हे त्यांचं पहिलं खाणं होतं. मुंबईत फूटपाथवर बदामाची पानं ढिगांनी पडतात आणि झाडूवाले ती जाळतात. युरोपातले लोक हीच पानं पाकिटांतून विकत घेतात.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते वंशावळीला. हत्तीचा वंश कागदावर ठेवता येतो, पन्नास सारख्या दिसणाऱ्या माशांत कोण कुणाचा मुलगा हे कसं सांगणार? म्हणून गटाने विचार करायचा. एका जातीचे अनेक छोटे गट वेगवेगळ्या संस्थांत ठेवायचे, ठरलेल्या काळाने थोडे मासे इकडून तिकडे द्यायचे आणि कुठल्या ओढ्यातून आलेला गट आहे ही नोंद कधी तुटू द्यायची नाही. शिवाय मोहात पडायचं नाही. पूर्वी सर्वांत रंगीत नर आणि सर्वांत धीट मादी वेगळी काढून त्यांचीच पिल्लं वाढवली जात, प्रेक्षकांनाही तेच आवडे. पण काचेपुढे धिटाईने येणारा मासा नदीत बगळ्यापुढेही धिटाईनेच जातो. आणखी एक अडचण म्हणजे यातल्या कित्येक माशांचं आयुष्य दोनतीन वर्षांचं. हत्तीच्या बाबतीतली चूक उमगायला आणि सुधारायला वर्षं मिळतात. इथे सांभाळणारा माणूस वर्षभर रजेवर गेला तर गट संपलेला असू शकतो.

हे सगळे कागदी उपद्व्याप वाटत असतील तर मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातल्या तेउचित्लान गावी काय घडलं ते सांगतो. टेकिला ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या या गावातून एक छोटी नदी वाहते. तिच्यात गुडिड कुळातले मासे होते. हे कुळ मोठं मजेदार. यातले मेक्सिकोतले मासे अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देतात आणि आईच्या पोटात वाढताना पिल्लाला फितीसारखे लांब धागे असतात. त्यांतून ते आईकडून अन्न शोषतं. जन्मल्यावरही ते धागे थोडा वेळ पिल्लाच्या पोटाखाली लोंबत असतात आणि मग गळून जातात. यातला शेपटीवर केशरी कोर असलेला, बोटभर लांबीचा टेकिला मासा नदीतून नाहीसा झाला. प्रदूषण आणि बाहेरच्या जाती ही त्यामागची कारणं. पण युरोपातल्या काही हौशी लोकांनी तो आपापल्या पेट्यांत जपला होता. १९९८ मध्ये इंग्लंडमधून या माशांच्या पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठात पोचल्या. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने या कामाला पाठबळ दिलं.

मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. पेटीत वाढलेल्या माशाला शत्रू म्हणजे काय, उपास म्हणजे काय, परजीवी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. म्हणून आधी ४० नर आणि ४० माद्या मोठ्या कृत्रिम तळ्यांत सोडल्या, जिथे हे सगळं थोडं थोडं भेटेल. चार वर्षांनी त्यांची संख्या १० हजारांवर गेल्याचा अंदाज निघाला. मग त्यांतले सुमारे १,५०० मासे नदीत गेले आणि तिथे त्यांची वीण सुरू झाली. नदी साफ ठेवायला गावातल्या पोरांनी गट केला, ‘नदीचे राखणदार’. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच नदीत त्याच कुळातली आणखी एक जात, सोनेरी स्किफिया, सोडली गेली. सुमारे १,२०० मासे. तीही जंगलातून नाहीशी झालेली होती आणि पेट्यांत टिकली होती.

या गोष्टीत जोड्या जपणारे बरेचसे लोक घरी मासे पाळणारे होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. पुस्तिकांमधल्या पुष्कळ गोष्टी अशाच लोकांच्या वह्यांतून आल्या आहेत, मग त्यांवर संस्थांनी प्रयोग केले, काही टिकल्या, काही खोडल्या गेल्या. जुन्या काळाकडे वळून पाहताना मला हे मान्य करावं लागतं की माशाच्या दृष्टीने तो काळ वाईटच होता. पण काकांसारख्या माणसाची नजर त्या काळातच तयार झाली. पेटीजवळ बसलं की कुठला मासा कोपऱ्यात गेलाय, कुणाचे पंख मिटलेत, हे त्यांना लांबूनच दिसे. आजच्या पोराकडे अमोनिया मोजायचं किट असतं, पाण्याचं टीडीएस सांगणारी पेनासारखी वस्तू असते, पण मासा आजारी आहे हे त्याला मीटर सांगतो तेव्हा कळतं. नजर आणि कागद दोन्ही हाताशी असावेत, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्या घरातलं. लहानपणी सरकारी भिंतींवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं लिहिलेलं असे आणि विहिरीत, टाक्यांत गप्पी सोडले जात. डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून ते बरोबरच. पण दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा विहिरीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत गेला तेव्हा तिथल्या मूळच्या बारक्या माशांचं काय झालं, हे फारसं कुणी मोजलं नाही. लोणावळ्याला वाढवलेली महसीरची पिल्लं चांगल्या हेतूने दक्षिणेत कावेरीत सोडली गेली आणि आज तिथल्या मूळच्या कुबडी महसीरला त्यांची स्पर्धा जड जाते आहे, असं अभ्यासक सांगतात. कुठला मासा कुठल्या पाण्यातला, ही नोंद हरवली की काय होतं त्याचं हे आपल्याच अंगणातलं उदाहरण.

आणि अंगणात काय काय आहे बघा. गोव्याच्या ओढ्यांतला एक छोटा, निळसर झाक असलेला बार्ब आहे, पेथिया सेटनाई. १९९२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं ते छापगर आणि साने यांच्या नावावर. बी. एफ. छापगर हे तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते आणि जातीला नाव दिलं ते मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याचे जुने प्रमुख सेटना यांचं. म्हणजे मासा गोव्याचा, ओळख मुंबईच्या मत्स्यालयातून. व्यापारात तो कित्येकदा ‘नारायण बार्ब’ म्हणून दुसऱ्याच जातीच्या नावावर विकला जातो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात एक लोच मासा सापडला. २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. अख्ख्या जातीचं गाव म्हणजे एवढीशी जागा. उद्या तिथे कुणी हौसेने गप्पी किंवा तिलापिया सोडला, किंवा एखाद्या उन्हाळ्यात कुंड आटलं, तर तो मासा पेटीत कसा जगवायचा हे मराठीत तर सोडाच, कुठल्याही भाषेत नीट लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुंबईत नवं मत्स्यालय होणार, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. बोगदा जरूर करा, शार्क आणा, पोरांना तेच हवं असतं. पण त्या इमारतीत एक खोली सह्याद्रीच्या बोटभर माशांसाठी राखून ठेवा, आणि तिच्या मागे प्रेक्षकांना न दिसणारी दुसरी खोली ठेवा, जिथे पैदास होईल आणि रोज नोंद होईल. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सावंतवाडीत घरी देशी मासे पाळणारी जाणती माणसं आहेत, त्यांना हाताशी धरा. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना एक विनंती. ओढ्यातून मासे पकडून आणू नका आणि पेटीतला कुठलाही मासा ओढ्यात सोडू नका. जे आधीच पेटीत आहेत त्यांच्यासाठी एक वही करा. मासा कुठून आला, पाणी किती अंशांवर होतं, काय खाल्लं, पिल्लं कधी झाली, मेला तर कशाने. तारीख घालून लिहा, मराठीत लिहा आणि ती वही रद्दीत टाकू नका.